भिंतीवरून रेशमावर

पॅरिसच्या एर्मेस या पेढीने २०११ साली ‘ग्राफ’ नावाचा रेशमी रुमाल विक्रीस आणला. त्यावरील रेखाटन सिरिल फान या चित्रकाराचे होते. रस्त्यावर तो ‘काँगो’ या नावाने ओळखला जातो. व्हिएतनामी पिता आणि फ्रेंच माता यांचा हा पुत्र स्प्रेचा डबा हाती घेऊन भिंतींवर अक्षरे रंगवीत मोठा झाला आणि २००२ मध्ये पॅरिसच्या वेशीवरील बान्योले या गावी त्याने सोबत्यांसह भित्तिचित्रकारांचा महोत्सव उभा केला. घोड्यांचे साज करण्यासाठी १८३७ साली निघालेल्या आणि आपले रुमाल घराण्याच्या ठेव्यासारखे विकणाऱ्या पेढीने असल्या अक्षरांना दार उघडावे, याचे तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. आम्हांस त्यात नवल वाटत नाही. त्याच शहरातील लुई व्हितों या पेढीने स्टीफन स्प्राउस यांच्याकडून आपल्या पिशव्यांवर रंगाचे फराटे २००१ मध्येच ओढून घेतले होते. नव्या गिऱ्हाइकासाठी श्रीमंत दुकानाला रस्त्याची आठवण होतेच. प्रश्न आहे तो रस्त्यावरची चित्रे रेशमावर उतरताना काय घेऊन येतात आणि काय मागे ठेवतात, याचा.

प्रथम कारागिरीविषयी, कारण या वस्तूची खरी गंमत तिथे आहे. एर्मेसचा चौकोनी रुमाल १९३७ पासून निघतो. नव्वद सेंटिमीटरचा चौरस, तिरप्या विणीचे भरीव रेशीम, आणि छपाई फ्रान्समधील लियों शहराच्या परिसरात. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि कापडी फलक ज्या जाळीच्या चौकटीतून छापतात, तीच ही पद्धत, फक्त तिचा अतिशय सूक्ष्म अवतार. प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौकट लागते आणि एका रुमालाला अशा तीसचाळीस चौकटी सहज लागतात. मूळ चित्रातील रंग वेगळे करून एकेका चौकटीसाठी पुन्हा रेखाटणारा कारागीर कित्येक आठवडे एकाच चित्रावर वाकून बसतो. शेवटी कडा हाताने गुंडाळून शिवतात.

आता स्प्रेचा स्वभाव पाहा. तो धुके सोडतो. त्याच्या रेषेला कड नसते, कडेशी रंग विरत जातो. घाईत डबा क्षणभर एका जागी थांबला की रंग साचतो आणि ओघळ खाली येतो. चौकटीतून मात्र रंग सपाट उतरतो. विरणे दाखवायचे तर एका रंगाच्या अनेक छटा पायरीपायरीने लावाव्या लागतात. म्हणजे भिंतीवर जे अर्ध्या पळात, बहुधा अंधारात आणि पकडले जाण्याच्या धास्तीने घडले, ते रेशमावर कोणीतरी दिवसेंदिवस भिंगाखाली कोरलेले असते. चुकून आलेला ओघळही मोजूनमापून छापलेला! यात लबाडी आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस तर त्यात एका हाताने दुसऱ्या हाताला दिलेला मान दिसतो. रुमालावर सही चित्रकाराची असते. कोरणाऱ्याचे नाव मात्र गिऱ्हाईक कधी विचारीत नाही, ही खंत आहेच.

कला म्हणून काँगोचा रुमाल आम्हांस पटतो, आणि तो पटण्याचे कारण घडीत आहे. गळ्यात बांधलेला रुमाल कधीच पुरता दिसत नाही. एकमेकांत गुंतलेली, फुगलेली, वाचता न येणारी अक्षरे मुळातच तुकड्यातुकड्याने पाहण्यासाठी असतात. चालत्या रेल्वेतून भिंतीवरील अक्षरे अशीच दिसतात. लुई व्हितोंने २०१३ मध्ये भित्तिचित्रकारांकडून स्कार्फ करून घेतले, त्यांत लॉस एंजेलिसचा रेटना होता. त्याची स्वतः घडविलेली लिपीही घडीत शोभते. चेहऱ्यांचे तसे नाही. त्याच मालिकेत असलेले साओ पावलोचे ओस जेमिओस हे जुळे भाऊ पिवळ्या कांतीची माणसे रंगवितात. चार मजले उंचीच्या भिंतीवरून असा माणूस खाली पाहतो तेव्हा पाहणारा लहान होतो. तोच चेहरा मानेभोवती गुंडाळला की त्याचे डोळे घडीत जातात, आणि नजरेवाचून ती माणसे नुसती नक्षी होतात.

या भावांची एक हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. २००८ साली साओ पावलोच्या पालिकेच्या माणसांनी, त्यांनी सोबत्यांसह रंगविलेल्या एका लांबलचक भिंतीवर राखाडी रंग फासला. गवगवा झाल्यावर तीच भिंत त्यांना पुन्हा रंगवावयास सांगण्यात आली. मध्ये पाच वर्षे गेली आणि त्याच हातांचे चित्र पॅरिसच्या काचेआड रेशमावर झळकले. ज्या भिंतीपुढून भाजीवाली, शाळकरी पोर आणि बसचा कंडक्टर रोज फुकट जातात, तेथील चित्राला रात्रीतून पुसता येते. जे शेकडो युरो मोजून एका कपाटात जाते, त्याची कड हाताने शिवतात. पेढीला याचा दोष देणे सोपे आहे, परंतु राखाडी रंग पेढीने लावला नव्हता.

शिवाय या पेढ्यांनी चित्रकाराला विचारले आणि त्याचे नाव लावले, हे लहान नव्हे. रोबेर्तो काव्हाल्ली यांच्या कंपनीने आपले भित्तिचित्र न विचारता कपड्यांवर छापले, असा आरोप करून तीन चित्रकार २०१४ मध्ये अमेरिकेत न्यायालयात गेले. ते चित्र सॅन फ्रान्सिस्कोतील एका भिंतीवर होते. रस्त्यावरचे ते कोणाचेच नाही, ही समजूत सोयीची असते. न्यूयॉर्कमधील ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या इमारतीच्या मालकाने २०१३ मध्ये रात्रीतून चित्रांवर पांढरा रंग मारला, तेव्हा २०१८ साली न्यायालयाने एकवीस चित्रकारांना मिळून सुमारे ६७ लाख डॉलर देवविले. कायद्याला भिंतीवरचे चित्र चित्र वाटू लागले, त्यात रेशमाचाही थोडा वाटा असेल काय? बाजाराने जे मोलाचे ठरविले ते न्यायासनाला लवकर दिसते, अशी आम्हांस शंका येते.

आपल्या वाचकांपैकी जे वांद्र्याचे, त्यांना चॅपल रोडच्या जुन्या घरांवरील चित्रे ठाऊक आहेत. तेथे पुष्कळदा घरधन्याला विचारून रंगवितात, आणि घर पाडले की चित्र जाते. त्यांचे स्कार्फ निघावेत काय? निघाले तर चित्रकाराला चार पैसे मिळतील, आणि त्याला आमचा आक्षेप नाही. पण ती गल्ली अरुंद आहे. चित्र पाहावयास समोरच्या भिंतीला पाठ टेकवावी लागते, रिक्षाला वाट द्यावी लागते. ते चौरसात मावणार नाही.

एर्मेसच्या रुमालांचे धनी पुष्कळदा ते गळ्यात घालीत नाहीत. ते चौकटीत बसवून काचेआड दिवाणखान्यात लावतात. त्या भिंतीवर उन्हाचा कवडसा येऊ देत नाहीत, कारण रेशमाचा रंग उडतो.