ध्वज, कुबड्या आणि निर्मनुष्य रस्ता

दृक्‌प्रत्ययवादी चित्रकला ही क्षणाची कला असून क्षणाला इतिहास नसतो, हे गृहीतक समीक्षेत दीर्घकाळ टिकून राहिले. एद्वार मानेचे ‘ध्वजांनी सजलेला र्‍यू मोनिए’ (१८७८) हे तैलचित्र या गृहीतकाची परीक्षा घेते. दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या आठ प्रदर्शनांपैकी एकातही माने सहभागी झाला नव्हता. तथापि त्यांची सुट्या, त्वरित फटकार्‍यांची रीत येथे स्पष्ट दिसते.

३० जून १८७८ हा पॅरिसमधील शांतता-महोत्सवाचा दिवस. त्याच दिवशीचा र्‍यू मोंतोर्गेई क्लोद मोनेने चितारला, तेव्हा माणसे आणि ध्वज यांतील भेद मिटून एकच स्पंदन उरले. मानेने आपल्या चित्रशाळेच्या खिडकीतून पाहिलेला रस्ता मात्र उन्हात पांढरा पडलेला आणि जवळजवळ रिकामा आहे. दूरवर घोडागाड्या, घरांवर ध्वज. डावीकडे कुंपण, त्यामागे बांधकामाचा राडारोडा. कुंपणालगत एक पाय गमावलेला, कुबड्यांवर चालणारा पाठमोरा माणूस. तळाशी शिडी वाहणारा मजूर, चौकटीने छेदलेला.

हा अपंग माणूस १८७०-७१च्या युद्धातील सैनिक असावा, असा तर्क केला जातो. चित्रात मात्र त्याचा निर्णायक पुरावा नाही. त्याला पराभवाचे प्रतीक ठरविले, की तोही आणखी एक ध्वज होतो: अर्थ आधीच ठरलेली खूण. कम्यूनच्या बंडखोरांना सर्वसाधारण माफी मिळाली ती १८८० मध्ये. म्हणजे ही शांतता साजरी होत असताना ती सर्वांची नव्हती. परंतु हे ज्ञान चित्राबाहेरचे आहे. ते चित्रात कसे प्रवेशते, हा खरा प्रश्न आहे.

भारतीय शाब्दबोधविचारात वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी आवश्यक मानल्या आहेत. माने ध्वज आणि कुबड्या यांची संनिधी घडवितो, आकांक्षा जागवितो. परंतु दोहोंना जोडणारे क्रियापद देत नाही. करुणेला आवाहन करणारा चेहराही तो दाखवीत नाही. दोहोंना तो सारख्याच काटकसरीने रंगवितो. ही समदृष्टी उदासीनता वाटण्याचा धोका आहे. तरीही तिच्यामुळेच प्रेक्षकावर संबंध जोडण्याची जबाबदारी येते.

येथे इतिहास चित्रविषयात सांगितलेला नाही; तो दोन वस्तूंमधील मोकळ्या जागेत अध्याहृत आहे. ही जागा घाईने भरणारी समीक्षा महोत्सवाच्या आयोजकांप्रमाणेच वागते: तीही रस्ता सजविते.