‘न्यूरोथेकिओमा’ : संज्ञा आणि वर्ग

त्वचेतील एका विरळ व निरुपद्रवी अर्बुदाच्या वर्गीकरणाचा इतिहास हा वैद्यकाइतकाच संज्ञाविचाराचाही विषय आहे. १९६९ मध्ये हार्किन व रीड यांनी मज्जातंतूच्या आवरणापासून उद्भवणाऱ्या, श्लेष्मसदृश द्रव्याने भरलेल्या एका गाठीचे वर्णन केले. १९८० मध्ये गॅलेगर व हेल्विग यांनी तिच्याशी साम्य असलेल्या ५३ गाठींना ‘न्यूरोथेकिओमा’ हे नाव दिले. ‘न्यूरॉन’ म्हणजे मज्जातंतू, ‘थेके’ म्हणजे कोश आणि ‘ओमा’ हा अर्बुदवाचक प्रत्यय. अशा रीतीने नावाच्या घडणीतच उत्पत्तीविषयीचे अनुमान गोवले गेले.

पुढे या द्रव्याच्या प्रमाणावरून श्लेष्मल, मिश्र व पेशीबहुल असे तीन प्रकार मानण्यात आले. वस्तुतः भेद केवळ प्रमाणाचा नव्हता. मज्जातंतूच्या आवरणातील श्वॅन पेशींची खूण मानले जाणारे एस-१०० हे प्रथिन हार्किन व रीड यांच्या गाठीत आढळते. पेशीबहुल गाठीत ते आढळत नाही. फेट्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पहिल्या जातीच्या ५७ आणि २००७ मध्ये दुसऱ्या जातीच्या १७८ गाठी अभ्यासून दोहोंचे पृथक्त्व स्पष्ट केले. मात्र ‘न्यूरोथेकिओमा’ हे नाव, मज्जातंतूच्या आवरणाशी जिचे नाते सिद्ध होत नाही, त्या दुसऱ्या जातीकडेच राहिले.

योगापेक्षा रूढी बलवत्तर, हा न्याय येथे पुढे करता येईल. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘दूषित हवा’ असला, तरी त्यामुळे आज कोणाची दिशाभूल होत नाही. तथापि हा दृष्टान्त येथे लागू पडत नाही. दूषित हवेचा दुसरा कोणताही ज्वर मलेरियाशेजारी उभा नाही. न्यूरोथेकिओमाशेजारी मात्र मज्जातंतूच्या आवरणाची खरी गाठ उभी आहे, आणि तिलाही ‘श्लेष्मल न्यूरोथेकिओमा’ म्हटले गेले आहे. पहिली गाठ बहुधा बोटांवर व गुडघ्यावर आढळते आणि अपुऱ्या छेदनानंतर वारंवार उद्भवते. दुसरी प्रामुख्याने डोके, खांदा व बाहू येथे आढळते व तुलनेने क्वचित परतते. दोहोंची गणना एका नावाखाली झाली, की रुग्णाला सांगावयाचे भाकीतच सदोष ठरते.

मराठी परिभाषाकारांनी यातून बोध घ्यावयास हवा. ‘हिवताप’ हा शब्द लक्षणावर आधारलेला असल्यामुळे कारणविषयक मत बदलले तरी तो बाधित झाला नाही. याउलट ‘न्यूरोथेकिओमा’चे शब्दशः भाषांतर केल्यास ग्रीक शब्दांत झाकलेली चूक मराठीत उघड व दृढ होईल. उत्पत्ती अनिश्चित असेल तेथे संज्ञेने दिसते तेवढेच सांगावे, हेच श्रेयस्कर होय.