गंज म्हणजे मरण नव्हे

सोव्हिएत विज्ञानाच्या जुन्या वास्तूंची छायाचित्रे गेल्या पंधरा-वीस वर्षांत इतकी निघाली, की त्यांचा एक साचाच पडून गेला आहे. पोपडे धरलेल्या भिंती, फुटक्या काचा, धुळीने माखलेली यंत्रे, आणि माणूस मात्र कुठेच नाही.

सुरुवात अशी नव्हती. छायाचित्रकार फ्रेडरिक शोबां यांच्या २०११च्या पुस्तकाने सोव्हिएत वास्तुकला एकसुरी होती हा समज मोडला. नादाव कँडर यांनी ‘डस्ट’ या छायाचित्रमालेत सेमिपालातिन्स्कच्या अणुचाचणी क्षेत्राचे अवशेष टिपले. तिथे १९४९ ते १९८९ या काळात साडेचारशेहून अधिक स्फोट झाले. त्या देखण्या चौकटींत न दिसणारा किरणोत्सार जाणवत राहतो, म्हणून त्या अस्वस्थ करतात. दानिला त्काचेन्को यांनी ‘रिस्ट्रिक्टेड एरियाज’ या छायाचित्रमालेत सगळे अवशेष बर्फाच्या पांढऱ्यात बुडवले. परिणाम विलक्षण आहे. पण त्या पांढऱ्यात पाणबुडी आणि अँटेना यांच्यातला फरकही पुसला जातो. कशासाठी बांधले, कोणी चालवले, हे प्रश्न उरतच नाहीत.

माझा आक्षेप इथेच आहे. ही छायाचित्रे जुने आणि मेलेले यांत भेद करत नाहीत. आर्मेनियातल्या अरागात्स पर्वताच्या उतारावर, ओर्गोव्ह इथे पॅरिस हेरूनी यांनी उभारलेली ५४ मीटरची रेडिओ दुर्बीण थंडावली आहे. त्याच पर्वतावर, ३,२०० मीटर उंचीवर, १९४३ साली सुरू झालेले वैश्विक किरणांचे केंद्र आजही मोजमापे घेते. कॉकेशसमधली ‘रातान-६००’ ही ५७६ मीटर व्यासाची कंकणाकृती दुर्बीण १९७४पासून आकाश न्याहाळते आहे. रंग सर्वत्र सारखाच उडालेला असतो, त्यामुळे नुसत्या भिंती टिपणारा कॅमेरा चालत्या प्रयोगशाळेलाही भग्नावशेष ठरवतो. तुटपुंज्या पैशांत ती चालू ठेवणाऱ्यांवर हा अन्याय आहे.

चांगल्या छायाचित्राने यंत्राची रचना कळू द्यावी: आरसा कुठे, संग्राहक कुठे, जुन्या फलकाशेजारी नवा संगणक कसा जोडला आहे. दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ चौकटीत यावा. तळटीपेत यंत्राचे काम आणि आजची स्थिती असावी. एवढ्याने चित्राचे सौंदर्य उणावत नाही. त्याला अर्थ येतो.

हे तातडीचेही आहे. युक्रेनमधल्या खार्किवजवळची सोव्हिएत काळातली ‘यूटीआर-२’ ही आपल्या प्रकारातली जगातली सर्वांत मोठी रेडिओ दुर्बीण. २०२२मध्ये रशियन सैन्याने तो परिसर व्यापला आणि केंद्राची मोठी हानी झाली. अशा ठिकाणी जुना तपशीलवार फोटो पुनर्बांधणीचे साधन ठरू शकतो. नुसत्या उदास धुक्याचा तिथे काही उपयोग नाही. छायाचित्रकारांनी आता चालत्या केंद्रांत जाऊन राहावे, आणि संपादकांनी माणसे व कामाच्या नोंदी असलेल्या चित्रांना आधी जागा द्यावी.