फलकावरचं घर : नजर आणि निवड

मंडळी, 'आपण काय पाहतो आणि काय निवडतो' हा विषय मारुंजीत बोलायचा तर उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही. लक्ष्मी चौकातून इकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या फ्लॅटचे फलक उभे आहेत. कवितेची समीक्षा करतात, तशी आज मी या फलकांची करणार आहे. कारण इथे राहायला आलेल्या कितीतरी कुटुंबांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च करण्याआधी वाचलेला पहिला मजकूर बहुधा हाच होता.

आता बघा. अशा फलकाचा मोठा भाग आकाशाने व्यापलेला असतो. खाली निळाशार पोहण्याचा तलाव, काठावर हसणारं चौकोनी कुटुंब, मागे हिरवी टेकडी. अंतर किलोमीटरमध्ये नसतं, मिनिटांत असतं : आयटी पार्क पाच मिनिटं, मेट्रो सात मिनिटं. सकाळी नऊ वाजता हिंजवडीच्या रस्त्यावर गाडी काढणाऱ्याला हे वाचून हसू येतं, पण ते बुकिंग झाल्यानंतरचं हसू. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते, की चित्र काल्पनिक आहे. आणि पाण्याबद्दल? एक शब्द नाही. मारुंजी हे ग्रामपंचायतीचं गाव. इमारतींना परवानगी देते पीएमआरडीए. आणि आसपासच्या गावांसह महापालिकेत जाण्याचा प्रस्ताव २०१८ पासून फिरतो आहे. तोवर उन्हाळ्यात टँकर येतो. तलावाचं पाणी फलकावर दिसतं, टँकरचं दिसत नाही.

गेल्या वीसेक वर्षांत मानसशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ यांनी नजरेवर पुष्कळ काम केलं आहे. कॅलटेकमधल्या अँटोनियो रँगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास त्यात प्रसिद्ध आहे. पडद्यावर खाऊच्या दोन पदार्थांची चित्रं दाखवायची, डोळे कुठे किती वेळ टिकतात ते मोजायचं, आणि माणूस काय निवडतो ते बघायचं. ज्यावर नजर जास्त टिकली, ते निवडलं जाण्याची शक्यता जास्त. यावरून जाहिरातवाल्यांनी सोपा निष्कर्ष काढला : नजर धरा, गिऱ्हाईक मिळालं.

हा निष्कर्ष मला कच्चा वाटतो. त्याच गटाचा २००८ चा एक प्रयोग या लोकांनी नीट वाचलेला दिसत नाही. त्यात एक चित्र थोडा वेळ आणि दुसरं जास्त वेळ दाखवलं होतं. आवडीचा पदार्थ जास्त वेळ दाखवला तर तो जास्त निवडला गेला. पण नावडता पदार्थ जास्त वेळ दाखवला तर तो उलट कमी निवडला गेला! म्हणजे नजर आवड निर्माण करत नाही. ती भिंगासारखी आहे, जे आहे ते मोठं करते. आता फलकावर टँकर का नसतो ते कळेल. शेजारच्या सोसायटीचं टँकरचं बिल कुणी पाच मिनिटं निरखून पाहिलं, तर तेही मोठं होईल.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा आहे. प्रयोगात दोन चित्रं असतात, पण ती पडद्यावर कुणी ठेवली? प्रयोग करणाऱ्याने. तिसरी गोष्ट पडद्यावरच नसेल तर डोळ्यांचा काय दोष? आपल्या नैयायिकांनी मनाला अणू मानलं. मन एका क्षणी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, म्हणून दोन ज्ञानं एकदम होत नाहीत, असं ते म्हणतात. अणू मनाचा सिद्धांत आज कुणी तसाच स्वीकारणार नाही, पण त्यातून एक प्रश्न नीट विचारता येतो. मन एका ठिकाणी असताना बाकीच्या ठिकाणांची राखण कोण करतं?

कुणी म्हणेल, खाऊ काही सेकंदांत निवडतात, फ्लॅट घ्यायला महिने लागतात. तेवढ्यात माणूस विचार करतोच की. इथे आयरिस मर्डॉक उपयोगी पडते. 'द सॉव्हरेन्टी ऑफ गुड' या १९७० च्या पुस्तकात तिचं म्हणणं असं, की निवडीचा क्षण येतो तेव्हा निवडण्याचं बहुतेक काम आधीच झालेलं असतं, कारण लक्ष रोज थोडं थोडं आपलं जग रचत असतं. सहा महिने ऑफिसला जाता-येता तोच तलाव पाहिला, मग सॅम्पल फ्लॅट पाहिला, की सहीच्या दिवशी विचार करायला उरतं ते फक्त हप्त्याचं गणित.

कायद्याला हे थोडं कळलेलं आहे. २०१६ च्या रेरा कायद्याचं १२ वं कलम म्हणतं, की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते. पण टँकर न दाखवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो कुठल्यातरी कोपऱ्यात दडायला लागला, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये आदेश आला : नोंदणी क्रमांक, संकेतस्थळ आणि क्यूआर कोड जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात, आणि अक्षरं संपर्क क्रमांकाच्या व पत्त्याच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. मला हा आदेश तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. माहिती दिली की झालं, असं तो मानत नाही. ती दिसेल अशी द्या, म्हणतो.

तरी त्याची मर्यादा आहे. नियम छापील पानाला शोभतो. दुचाकीवरून फलकाचा कोड कोण स्कॅन करणार? (आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये तेवढा वेळ मिळतो, ही गोष्ट वेगळी.) आणि कोड उघडला तर मंजूर नकाशा, पूर्ण होण्याची तारीख, चालू दावे मिळतात. हे सगळं उपयोगाचं आहे, जरूर पाहा. पण मार्चपासून जूनपर्यंत पाणी कुठून येतं, हे तिथे समजायचं नाही. पूर्वी जमीन घेणारा शेतकरी चतुःसीमा पायी फिरायचा, विहिरीत डोकावायचा, शेजाऱ्याला विचारायचा. त्याचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण होते असं नाही. काय पाहायचं, ते विकणारा ठरवत नव्हता, एवढंच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वरचा उजवा कोपरा मिळवलाच आहे, तर त्यात एक ओळ पाण्याच्या स्रोताची टाकावी, त्याच आकाराच्या अक्षरांत. बिल्डर लोक हरकत घेतील. कोणती हरकत घेतात, तेही ऐकण्यासारखं असेल. आता तुमचे प्रश्न घेऊ.