उजेड कोणाच्या मालकीचा?

डिस्टोपियन थ्रिलर म्हटले की अंधार, पाऊस आणि निऑनच्या पाट्या, हे समीकरण आता इतके पक्के झाले आहे की या चित्रपटांतले भय नेमके येते कुठून, हे पाहायचे राहूनच जाते. अंधाराची भीती भूतपटालाही पुरते. जुलमी राजवटीच्या गोष्टीत प्रश्न वेगळा असतो: दिवा कोणाच्या हातात आहे आणि तो कोणावर रोखलेला आहे?

रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’मध्ये (१९८२) हे सर्वांत स्पष्ट दिसते. छायालेखक जॉर्डन क्रोनेनवेथ यांनी सेटवर धूर कोंडला आणि त्यातून प्रखर झोत फिरवले. हे झोत बाहेरून येतात, पडद्यांच्या फटींतून घरात शिरतात, भिंतीवरून सरकतात आणि निघून जातात. शेवटच्या पाठलागासाठी लॉस एंजेलिसची १८९३ सालची ब्रॅडबरी बिल्डिंग वापरली आहे. लोखंडी कठड्यांचे सज्जे, उघडी लिफ्ट आणि वर काचेचे छत. दिवसाचा उजेड खाली उतरावा म्हणून बांधलेले ते छत. चित्रपटात मात्र त्यातून आकाशात तरंगणाऱ्या जाहिरातयानाचा प्रकाश आत पाझरतो. लपून बसलेल्या माणसाला अंधाराचाही भरवसा नाही. पुढचा झोत केव्हा येईल हे त्याच्या हातात नाही आणि आपल्याही. उत्कंठा तयार होते ती इथे. याच चित्रपटात कृत्रिम माणसे बनवणाऱ्या टायरेलच्या उंच दालनात सोनेरी ऊन आहे. खाली सगळे शहर धुरकट पावसात असताना सूर्य दिसतो तो कंपनीच्या मालकाला. अशी कृत्रिम माणसे ओळखण्याची चाचणी सुरू होण्याआधी तो त्या सूर्यावरही पडदा ओढून घेतो. सत्ता म्हणजे काय, हे सांगायला आणखी संवाद कशाला हवा?

गोदारने हेच फार कमी साधनांत साधले होते. ‘आल्फाव्हिल’साठी (१९६५) त्याने सेट उभारलाच नाही. राऊल कुतार यांनी तेव्हाच्या पॅरिसमधल्या नव्या काचेच्या इमारती रात्री चित्रित केल्या. कार्यालयाचे पांढरे दिवे आणि लांबच लांब मार्गिका, एवढ्यावर भविष्य उभे राहिले. जॉर्ज लुकासच्या ‘टीएचएक्स ११३८’मध्ये (१९७१) तर अंधारच नाही. तिथला तुरुंग म्हणजे अथांग पांढरेपणा. भिंत दिसत नाही, कोपरा नाही, सावली नाही. कुठे संपते हे कळत नाही म्हणून कैदी जागचे हलत नाहीत. मला हा तुरुंग कित्येक काळोख्या कोठड्यांपेक्षा भयंकर वाटतो.

आणि तरीही या प्रकारातला सर्वांत धाडसी प्रकाश मी मानतो तो ‘चिल्ड्रन ऑफ मेन’चा (२००६). आल्फोन्सो क्वारोनच्या या चित्रपटात इमॅन्युएल लुबेझ्की यांनी शक्यतो उपलब्ध उजेडावरच भिस्त ठेवली. २०२७ सालचे लंडन, पण निऑन नाही. आहे तो ढगाळ, राखाडी, कोणाचीही बाजू न घेणारा उजेड. गाडीतले लोक थट्टामस्करी करत असताना झाडीतून जळती गाडी रस्त्यावर येते. कॅमेरा त्यांच्यामध्येच बसलेला, कट दिसत नाही, भर दिवस. कुठे पाहावे हे सुचवणारी एकही सावली नाही, त्यामुळे संकटाची चाहूलच लागत नाही. सगळे दिसत असूनही काही कळत नाही, हा नागरिकाचा अनुभव जसाच्या तसा प्रेक्षकाचा होतो.

‘ब्लेड रनर २०४९’मध्ये (२०१७) रॉजर डीकिन्स यांनी टायरेलच्या सूर्याचा धागा उचलला. उद्योगपती वॉलेसच्या बंदिस्त दालनात ऊन भिंतींवरून चालत राहते, जणू मालकाने आपला खासगी दिवस बनवून घेतला आहे. ऑस्कर योग्य हातात गेले. त्यानंतरच्या अनुकरणात मात्र हा विचार गळून पडला, निळा-नारिंगी रंग तेवढा उरला. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला फार थोडा उजेड पुरतो. त्यामुळे काळोख स्वस्त झाला आहे. दिव्याचा उगमच ठरवलेला नसेल, तर तो विझल्याचा धक्का तरी कसा बसणार?

आपल्याकडेही हे जाणवते. ‘घोल’ (२०१८) या तीन भागांच्या मालिकेत छावणीच्या बंद वास्तूचा दाब आहे, राधिका आपटेच्या चेहऱ्यावर तो वाचताही येतो. पण काळोख सगळीकडे सारखाच. ‘लैला’मध्ये (२०१९) वस्त्यांमधल्या भिंती आणि पाण्याची टंचाई प्रकाशापेक्षा जास्त बोलतात. ‘कल्की २८९८ एडी’ने (२०२४) तर मोठीच संधी हातची घालवली. तहानलेल्या काशीवर तरंगणारा तो प्रचंड ‘कॉम्प्लेक्स’ खालच्या लोकांचे ऊनही अडवू शकला असता. त्याची सावली दिवसभर कोणत्या गल्लीवरून सरकते, ती आली की बाजार कसा थबकतो, हे दाखवायला संगणकीय दृश्यांचा आणखी खर्च लागला नसता. भारनियमनाच्या वेळापत्रकावर स्वयंपाक, अभ्यास आणि शेतीचे पंप चालवलेल्या महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला तर ते चटकन कळले असते: वीज कोणत्या फीडरची जाते आणि कोणत्या वस्तीची कधीच जात नाही, यात राजकारण असते. आपल्या छायालेखकांनी आणि कलादिग्दर्शकांनी पटकथेच्या पहिल्या बैठकीतच उजेडाचा हा हिशेब मागायला हवा.