कुंभकोणमचे शरभशास्त्री

दक्षिणेत बदली होऊन आलेल्या मराठी माणसास तंजावरचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु ‘कीर्तन आम्ही दिले’ एवढे म्हणून आम्ही थांबतो; ते देणे ज्यांनी आपलेसे केले त्यांची विचारपूस करीत नाही. कुंभकोणमचे वेणुवादक शरभशास्त्री (१८७२–१९०४) हे त्यांपैकी एक होत.

बालपणीच दृष्टी गेलेल्या या पुरुषाने अल्प आयुष्यात बासरीला कर्नाटक मैफिलीत मुख्य वाद्याचे आसन मिळवून दिले. आम्हांस मात्र त्यांचे दुसरे कार्य अधिक मोलाचे वाटते. तंजावरचे राज्य १८५५ साली खालसा झाले, तरी महाराष्ट्रातील कीर्तनकारांचे तिकडे जाणे थांबले नाही. मोरगावकर बुवांची कीर्तने ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी साकी, दिंडी, ओवी, अभंग हे प्रकार तमिळ हरिकथेत आणले. त्याच धाटणीची निरूपणे शरभशास्त्र्यांनी रचली व मांगुडी चिदंबर भागवतरांसारखा कथेकरी तयार केला. वादकाने कथेकरी घडवावा, हे विलक्षणच!

कृती गाऊ लागले की कथा थबकते. साकी तिला पुढे ढकलते. ही उपयुक्तता तेथील जाणत्यांनी नेमकी हेरली. साकीला तमिळ शब्द मिळाले म्हणून हळहळणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. भाषा बदलूनही चाल टिकली, हाच तिच्या कसदारपणाचा पुरावा होय.

त्यांच्या वादनाविषयी निर्णय देणे अवघड आहे. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणास १९०२ साली कलकत्त्यास आरंभ झाला आणि दोनच वर्षांत शास्त्री निवर्तले. त्यांचे शिष्य पल्लडम संजीवराव यांच्या तबकड्यांत स्वर सुटे व स्वच्छ लागतात, गमक कमी. पुढे कुंभकोणमजवळच्याच तिरुविडैमरुदूरच्या टी. आर. महालिंगम (१९२६–१९८६) यांनी बोटांची पद्धत बदलून बासरी गळ्याच्या निकट नेली, तेव्हापासून जुन्या वळणास कोरडे म्हणण्याची रीत पडली. शिष्याच्या तबकडीवरून गुरूला कोरडे ठरविणे आम्हांस अन्यायाचे वाटते. ज्याने कथेकऱ्यासाठी पदे बांधली, त्याच्या कानात शब्द असलेच पाहिजेत. ते त्याच्या बासरीत मुळीच उतरले नसतील, हे आम्हांस पटत नाही.