मागे राहिलेल्यांचा हिशेब

‘ट्वेल्थ फेल’ मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा २०२३च्या नोव्हेंबरात, दिल्लीतल्या मित्रांबरोबर. आम्ही सगळेच कुठून कुठून तिथे शिकायला आलेलो. त्यामुळे पडद्यावर मुखर्जीनगरातला एखादा अंधारा जिना किंवा चहाची टपरी दिसली, की रांगेतलं कुणीतरी ओळखीचं हसायचं. शेवटी बहुतेक जण रडले. मीही रडलो. दुसऱ्यांदा परभणीला, घरच्या टीव्हीवर, धाकट्या बहिणीबरोबर पाहिला. चित्रपट संपल्यावर ती एवढंच म्हणाली, “दादा, त्याला एक बहीण होती ना रे? तिचं पुढं काय झालं?”

मला सांगता येईना. त्या प्रश्नानंतर हा चित्रपट मला पूर्वीसारखा आवडेनासा झाला. तो का, हे इथे मांडून बघतो.

आधी त्याचं जे चांगलं आहे ते. विधू विनोद चोप्रांनी अनुराग पाठक यांच्या पुस्तकावरून हा चित्रपट केला. चंबळच्या खोऱ्यातला, बारावीला नापास झालेला मनोजकुमार शर्मा दिल्लीला जातो आणि आयपीएस होतो. खरे मनोजकुमार शर्मा महाराष्ट्र केडरचे अधिकारी आहेत, त्यामुळे आपल्याकडे ही गोष्ट जरा जास्तच आपली वाटली. हिंदी सिनेमात गावाकडचा मुलगा शहरात आला की दोन गाण्यांत स्थिरावतो. इथे तसं होत नाही. मनोज वाचनालयातले संडास धुतो, पिठाच्या गिरणीत राबतो, तिथेच राहतो. विक्रांत मॅसीच्या अंगावरचं पीठ आणि डोळ्यांतली झोप खोटी वाटत नाही. श्रमाकडे इतक्या सरळपणे बघणारा मुख्य धारेतला चित्रपट बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

अडचण पैशाची आहे. म्हणजे पैसा या चित्रपटात काय काम करतो, त्याची. मनोज गावातून निघतो तो आजीने पेन्शनमधून साठवलेले पैसे घेऊन. बसमध्ये ती पिशवी चोरीला जाते. तिथून पुढे पैशाची प्रत्येक चणचण ही मनोजच्या चिकाटीची परीक्षा होऊन येते. दिल्ली महाग आहे, हे आपल्याला कळतं ते तो किती कमी झोपतो यावरून. खोलीचं भाडं, क्लासची फी, मेसचा डबा हे सगळं एका माणसाच्या सहनशक्तीत रूपांतरित होतं. सहनशक्ती पुरली की हिशेब मिटला, असं चित्रपट मानतो.

प्रत्यक्षात तो तसा मिटत नाही. हा चित्रपट यायच्या चार महिने आधी, जून २०२३मध्ये, मुखर्जीनगरातल्या एका क्लासच्या इमारतीला आग लागली आणि मुलं खिडक्यांमधून दोरांना लटकून खाली उतरली. जुलै २०२४मध्ये ओल्ड राजेंद्रनगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरून तिघांचा जीव गेला. महागड्या शहरात बाहेरून आलेल्याला परवडते ती जागा बहुधा अशीच असते: तळघर, गच्चीवरची पत्र्याची खोली, प्लायवुडने तीन भाग केलेला एक हॉल. तिथे जिद्दीचा काही उपयोग नसतो. भाड्याचा आकडा हा स्वभावाचा प्रश्न नाही. जेएनयूत २०१९मध्ये वसतिगृहाचं शुल्क वाढवायचं ठरलं तेव्हा मुलं रस्त्यावर आली, कारण कुणी दिल्लीत शिकायचं आणि कुणी आपल्या तालुक्याच्या गावीच राहायचं हे खोलीच्या भाड्यावर ठरतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि हिशेबाची दुसरी बाजू गावात असते. चित्रपटाला ती दिसलेलीच नाही असं नाही. मनोज घरी परततो तेव्हा आजी गेलेली असते आणि त्याला ते कळवलेलंही नसतं. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून. चित्रपटातला मला सर्वांत खरा वाटलेला प्रसंग तो हाच. घरातल्या माणसांनी आपलं दुःख परस्पर उरकून घेणं हासुद्धा शिक्षणावरचा खर्चच आहे. पण चित्रपट तिथे थांबत नाही. आजीचं जाणं मनोजच्या निर्धारात आणखी एक सरपण होतं आणि गाडी पुन्हा दिल्लीला लागते. घराचे काय हाल आहेत, हे आपण त्याच्या नजरेतून, त्याच्या मुक्कामापुरतंच बघतो. बहीण तर दारात उभी राहण्यापुरतीच आहे.

यावर कुणी म्हणेल, की गोष्ट मनोजची आहे. प्रत्येक पात्राचं पुढे काय झालं हे सांगायला सिनेमा म्हणजे कुटुंबाचं रेशनकार्ड नाही. बरोबर आहे. पण जाणाऱ्याची गोष्ट सांगतानाही मागच्यांचा हिशेब उघडा ठेवता येतो, आणि मराठीत ते साठ वर्षांपूर्वी झालेलं आहे.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ची. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला येतो. अंतर चंबळ-दिल्लीपेक्षा कमी नाही, आणि त्या काळच्या शेतकऱ्याच्या मुलाला पुणे पुरेसं दूर आणि पुरेसं महाग होतं. ‘कोसला’वर एवढं लिहिलं गेलं आहे, तिच्या भाषेवर, तिच्यातल्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’वर, परात्मतेवर, की ती बऱ्याच अंशी पैशाची कादंबरी आहे हे बाजूलाच राहतं. वडिलांकडून आलेले पैसे, ते कुठे गेले, मेसचा कारभार अंगावर घेतल्याने झालेला घोळ, आणि त्या सगळ्यावरून बाप-लेकात साचत गेलेला कडवटपणा. पांडुरंग उधळा आहे, भोळाही आहे. मनोजसारखा आदर्श तर मुळीच नाही. म्हणूनच त्याच्या शिक्षणाची किंमत त्याच्या गुणांमागे लपत नाही. ती उघडी पडते. वडील वाचकाला आवडत नाहीत, पण पैसे कुणाचे जात आहेत हे वाचक विसरूही शकत नाही.

आणि मनी. धाकटी बहीण गावी देवीने जाते, आणि हे मरण पांडुरंगाच्या कुठल्याही उपयोगी पडत नाही. त्यातून जिद्द येत नाही, अभ्यास होत नाही, काही धडा मिळत नाही. कादंबरी तिथे फुटते, आणि पुढे कितीही टवाळी केली तरी ती फट बुजत नाही. पांडुरंग शेवटी नापास होऊन गावी येतो. ‘ट्वेल्थ फेल’मधली आजी आणि ‘कोसला’मधली मनी यांच्यात मला दिसणारा फरक हा, की एका मरणाचा वापर होतो आणि दुसऱ्याचा होत नाही.

पांडुरंग नापास होतो म्हणून नेमाड्यांना हे जमलं, यशाच्या गोष्टीत ते कसं जमणार, असाही प्रश्न येईल. त्याला उत्तर म्हणून आपल्याकडचा शिकण्यासाठीचा सर्वांत मोठा प्रवास आठवावा. डॉ. आंबेडकर १९१३मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यू यॉर्कला गेले, १९१६मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. मग मुंबईत नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज अशी जुळणी करून १९२०मध्ये पुन्हा लंडन. तिथली उपासमार, ग्रंथालयातले लांबलचक दिवस हे आपण शाळेपासून ऐकतो. पण १९२८मध्ये ‘बहिष्कृत भारत’मध्ये कार्याच्या ऋणाविषयी लिहिताना त्यांनी स्वतःच रमाबाईंचा खर्च नोंदवला आहे: आपण परदेशी असताना तिने एकटीने ओढलेला संसार, डोक्यावरून वाहिलेलं शेण. यशस्वी होऊन परतलेला माणूस आपल्या यशाच्या कागदावर दुसऱ्याचं नाव लिहितो आहे, तेही आभार म्हणून नव्हे, तर देणं म्हणून. त्याने लंडनच्या वर्षांचं मोल कमी होत नाही. उलट ते किती होतं हे नीट कळतं.

‘ट्वेल्थ फेल’ने आभार पुष्कळ मानले आहेत. गौरीभैया, श्रद्धा, आजी, सगळ्यांचे. देणं मात्र कुणाचं मानलेलं नाही. म्हणून त्याच्या शेवटी आपल्याला इतकं मोकळं मोकळं वाटतं, आणि म्हणूनच दिल्लीत आम्ही मुलं तो बघून इतकी रडलो. आमच्या खोलीभाड्याला त्याने तपश्चर्या म्हटलं होतं. ते ऐकायला बरं वाटलं.

माझी दिल्लीची पहिली दोन वर्षं ती बहिणीच्या बारावीनंतरची दोन वर्षं होती. तिला पुण्याला वकिलीला जायचं होतं. घरात त्यावर भांडण झालं नाही, चर्चाही झाली नाही; “दादाचं होऊ दे आधी,” असं कुणीतरी म्हटलं असावं. ती परभणीतच बी.ए. झाली, आता दहावीच्या शिकवण्या घेते. मित्रांना दिल्लीचे दिवस सांगताना मी ढेकणांबद्दल सांगतो, पाण्यासारख्या डाळीबद्दल सांगतो. हे कधी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री टीव्ही बंद करून मी तिला विचारलं, “तेव्हा पुण्याच्या कॉलेजची फी किती होती, आठवतं का तुला?”

तिला आठवत होतं. फी, होस्टेल, मेस, तिन्ही आकडे, वेगवेगळे.